सव्वात्रेसष्ट

क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची असते, हे आपल्याकडे गल्लीतल्या पोरालाही माहीत असतं. बावीसच का, असं मात्र कुणी विचारत नाही. वीस का नाही? पंचवीस का नाही?

बावीस यार्ड म्हणजे ६६ फूट, आणि ६६ फूट म्हणजे एक साखळी. एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये जमीन मोजायला शंभर कड्यांची एक साखळी बनवली, तिची ही लांबी. क्रिकेटचे १७४४ चे जुने नियम बघा, विकेटांमधलं अंतर तिथेही बावीस यार्डच आहे. गुंटरने ६६ हा आकडा उगाच धरला नव्हता. इंग्रजांचा मैल ५२८० फुटांचा आणि एकर ४३,५६० चौरस फुटांचा, हे आकडे तोंडी कोण हाताळणार? पण ६६ फुटांची साखळी धरली की ऐंशी साखळ्यांचा एक मैल होतो आणि एक साखळी रुंद, दहा साखळ्या लांब पट्ट्याचा बरोबर एक एकर होतो. अडनिड्या मापांच्या दोन कुळांना जोडणारा हा दुवा आहे. मला तर हा माणूस चक्क लायब्ररी लिहिणारा प्रोग्रामर वाटतो. खालचा सगळा गोंधळ झाकून वर दहाच्या पटीतला इंटरफेस देणारा.

आता या साखळीची निम्मी करा. ३३ फूट. तेहतीस बाय तेहतीसचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे आपला गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एकर. थोडक्यात, अर्ध्या पिचचा चौरस म्हणजे गुंठा. मग अख्ख्या पिचचा चौरस किती गुंठ्यांचा? घाईत 'दोन' म्हणणारे मी पुष्कळ बघितलेत. उत्तर चार आहे, कारण लांबी दुप्पट झाली की क्षेत्र चौपट होतं. तीन फुटांचा एक यार्ड होतो, पण नऊ चौरस फुटांचा एक चौरस यार्ड, म्हणजे एक वार. प्रमाण मांडायचं असेल तर कशाचं कशाशी, हे आधी ठरवावं लागतं. ते पुढे येईलच.

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत यातलं काही शिकवलं नाही. तिथे मीटर, किलोग्रॅम, सेकंद. देशात दशमान मापांचा कायदा १९५६ सालीच झाला. आणि तरी पुण्यात मी भाड्याने घेतलेला फ्लॅट चौरस फुटांत आहे, त्यातला टीव्ही इंचांत, नळाचा पाइप अर्धा इंची, प्लायवूड आठ बाय चार, खाली चाललेल्या बांधकामावरची वाळू ब्रासमध्ये (शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास), आणि लग्नाच्या बायोडेटातली माझी उंची पाच फूट सहा इंच. कायदा मीटरमध्ये आणि माणसं फुटांत राहतात. एरवी मला त्याचं काही नव्हतं. फोनमध्ये कन्व्हर्टर असतो. आकडा टाका, आकडा घ्या.

आजोबांची वही निघाली तेव्हा हे एवढ्यावर भागेना.

साताऱ्याकडे आमची एक एकर चौदा गुंठे जमीन आहे. म्हणजे ५४ गुंठे. आजोबांना तीन मुलं. आत्या सगळ्यांत मोठी, मग बाबा, मग काका. बाबा नोकरीपायी बाहेर राहिले, काका गेली वीस वर्षं ती जमीन कसतायत. आजोबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत एक वही सापडली. तिच्यात बी-बियाण्याचे, उसनवारीचे हिशेब होते आणि एका पानावर एक ओळ: अक्काला रस्त्याकडून ११ गुं. ८ आ.

द्यायचं की नाही, यावर घरात वाद नव्हता. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण बऱ्याच घरांत असतो. काका म्हणाले, "अण्णांनी लिहिलंय तर द्यायचं. अक्काचंच आहे ते." कागदोपत्री ते कसं बसवायचं ते वकील बघणार होते आणि सरकारी मोजणी यथावकाश होणार होती. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, आणि आर म्हणजे गुंठाच असं सगळे म्हणत असले तरी आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा १०१.१७ चा, ही भानगड वेगळीच. पण त्याआधी घरातल्या घरात जागेवर एक रेघ ठरायला हवी होती. 'आ.' म्हणजे आणे, हे आत्येभावाने लगेच ओळखलं. सोळा आण्यांचा रुपया तसा सोळा आण्यांचा गुंठा. आठ आणे म्हणजे अर्धा. तेव्हा साडेअकरा गुंठे. प्रश्न एवढाच की साडेअकरा गुंठे जमिनीवर कुठे संपतात.

आमच्या शेजारच्या शिवारात दोन सख्खे भाऊ आहेत. एका बांधावरून त्यांचं बोलणं बंद झालं ते आजतागायत. बांध किती सरकला म्हणून विचाराल तर कुणी हात पसरून दाखवतं, कुणी वीत. आमच्याकडे आत्या दर भाऊबीजेला येते. तिच्या हातच्या अनारशांवर माझा जीव आहे, पण विषय अनारशांचा नाही. काकांच्या घरात वर्षातून एकदा ते दोघे ओट्यावर बसून आजोबांची नक्कल करत हसतात. ते मला दोन फुटांवर लावायचं नव्हतं.

आमचं शेत नशिबाने बऱ्यापैकी काटकोनात आहे. रस्त्यालगतची बाजू १९८ फूट, आत जाणारी २९७ फूट. मोजून बघितलं तर आकडे विचित्र वाटतात, पण ३३ ने भागा: सहा आणि नऊ. सहा गुणिले नऊ, चोपन्न गुंठे. कुणीतरी फार पूर्वी साखळी टाकूनच ते आखलं असणार, असा माझा कयास.

त्या सकाळी आम्ही शंभर फुटी टेप घेऊन गेलो. आत्येभावाने फोनवर गणित केलं आणि ते अगदी बरोबर होतं. साडेअकरा गुणिले १०८९ म्हणजे १२,५२३.५ चौरस फूट. भागिले १९८. उत्तर ६३.२५. त्याने ओरडून सांगितलं, "त्रेसष्ट फूट पंचवीस!" टेपचं टोक धरून उभ्या असलेल्या गड्याने विचारलं, पंचवीस काय? "इंच." पंचवीस इंच म्हणजे दोन फूट एक इंच, तेव्हा पासष्ट फूट एक इंच. खूण झाली. दुसऱ्या टोकालाही तशीच खूण करून फक्कीची पांढरी रेघ मारली.

काका बांधावर उकिडवे बसले होते. शाळा सातवीपर्यंत. त्यांनी फोन मागितला नाही की कागद. थोडा वेळ रेघेकडे बघून म्हणाले, "अक्का, हे जास्त हुतंय."

आत्येभाऊ म्हणाला, "मामा, मोबाईल खोटं सांगतोय होय?"

"मोबाईलचं मला ठाऊक नाही. रस्त्याकडंनं एक साखळी आत गेलं की बारा गुंठं होत्यात. सहासष्ट फूट. आपल्याला त्यातनं अर्धा गुंठा कमी करायचाय. एका गुंठ्याला साडेपाच फूट, अर्ध्याला पावणेतीन. रेघ पावणेतीन फूट मागं यायला पाहिजे. ही तर फूटभरबी आली नाही."

कुणी काही बोललं नाही. आत्येभावाने पुन्हा बटणं दाबली. पुन्हा ६३.२५. त्याचं तोंड उतरलं, कारण भांडण आता दोन माणसांत नव्हतं, काका आणि फोन यांच्यात होतं. आणि फोन त्याचा होता. काकांच्या मनात काय आलं असेल तेही मला कळत होतं: शिकलेली पोरं आकडे दाखवून जमीन नेतात, हे गावाने कमी वेळा बघितलेलं नाही.

गंमत म्हणजे दोघेही बरोबर होते. ६६ फुटांतून पावणेतीन फूट गेले की सव्वात्रेसष्ट उरतात. ६३.२५ म्हणजेही तेच. मी पुढे होऊन 'दशांश' म्हणून सुरुवात करणार, तोवर आत्याच म्हणाली, "अरे, सव्वात्रेसष्ट म्हण की. पंचवीस काय लावलंस? पाव फूट म्हणजे तीन इंच."

झालं. 'पॉइंट पंचवीस' ऐकून कुणालाही पंचवीस इंच वाटू शकतात. 'सव्वा' ऐकून वाटत नाहीत. सव्वा म्हणजे ज्या मापात मोजतोय त्या मापाचा आणखी एक पाव. सव्वा फूट, सव्वा शेर, सव्वा रुपया. मापाचं नाव बदलेल, पाव बदलत नाही. आत्याने लहानपणी पावकी, निमकी, सवायकी, औटकी म्हटलेली आहे. हे अपूर्णांकांचे पाढे होते आणि ज्या जगात शेराचे पाव, रुपयाचे आणे आणि फुटाचे बारा इंच होते त्या जगाला ते नेमके लागायचे. बारा या आकड्याचा निम्मा, तिसरा, चौथा, सहावा भाग पूर्णांकात निघतो. दहाचा तिसरा भाग काढायला गेलात की ३.३३३ ची शेपटी सुरू. इंच-फूट पद्धतीला नावं ठेवताना हे आपण विसरतो. ती पद्धत कॅल्क्युलेटरसाठी नव्हतीच, वाटण्या करण्यासाठी होती.

काकांनी स्वतः चपलेने ती रेघ पुसली. नवी रेघ त्रेसष्ट फूट तीन इंचांवर आली.

मधल्या पट्ट्याची रुंदी बावीस इंच. मी मनातल्या मनात बावीस इंचांचे फूट करून १९८ ने गुणले: ३६३ चौरस फूट. १०८९ च्या बरोबर एक तृतीयांश. पाच आणे आणि वर थोडं. हा आकडा मी तिथे बोलले नाही. तेव्हा तो बोलण्याने कुणाचंच भलं होणार नव्हतं.

पण काकांच्या हिशेबाने माझी पाठ सोडली नाही. त्यांनी चौरस फूट काढलेच नाहीत. 'सहा गुंठ्यांना तेहतीस फूट, तर साडेअकरा गुंठ्यांना किती?' एवढंच एक वाक्य त्यांच्या डोक्यात होतं. यालाच शाळेत त्रैराशिक म्हणायचे. रुंदी १९८ वर पक्की असल्यामुळे गुंठे आणि फूट इथे बरोबरीने वाढतात, म्हणून ते चालतं. चौरस वाढवायचा असता तर चाललं नसतं, अख्ख्या पिचच्या चार गुंठ्यांसारखं. आणि वाक्य असल्यामुळे ते बांधावर बसलेल्या प्रत्येकाला तपासता येतं. '१२५२३.५ भागिले १९८' हे कुणाला तपासता येत नाही. त्यावर फक्त विश्वास ठेवता येतो किंवा नाही ठेवता येत.

पुण्याला परत आल्यावर मी 'लीलावती' उघडली. ११५० मधला ग्रंथ, भास्कराचार्यांचा. (चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे.) पुस्तक सुरूच होतं मापांनी: आठ यवांचं एक अंगुल, चोवीस अंगुलांचा हात, चार हातांचा दंड. मग पुढे त्रैराशिक. त्यात तीन राशींना नावं आहेत, प्रमाण, फल आणि इच्छा. आमचं उदाहरण घातलं तर सहा गुंठे हे प्रमाण, तेहतीस फूट हे फल, साडेअकरा गुंठे ही इच्छा. फलाला इच्छेने गुणायचं आणि प्रमाणाने भागायचं. पण मला थांबवलं ते मांडणीच्या नियमाने. पहिली आणि शेवटची राशी एकाच जातीची हवी, मधली वेगळ्या जातीची. गुंठे, फूट, गुंठे. पहिल्या घरात गुंठे आणि शेवटच्या घरात फूट आले तर गणित सुरूच करायचं नाही. प्रोग्रामिंगमध्ये याला टाइप चेकिंग म्हणतात आणि ते नीट करून घेण्यासाठी आम्ही नव्या नव्या भाषा शिकतो.

त्याला लागूनच व्यस्त त्रैराशिक आहे आणि त्यात माप बदलण्याचंच उदाहरण सापडतं. धान्याची रास सात आढकांच्या मापाने मोजली तर शंभर मापं भरली, पाच आढकांच्या मापाने किती भरतील? माप लहान झालं, तेव्हा आकडा मोठा व्हायला हवा. शंभराला साताने गुणा, पाचाने भागा: १४०. फुटांचे यार्ड करताना तीनने गुणायचं की भागायचं, इथे गडबडणाऱ्यांनी धान्याची रास डोळ्यांसमोर आणावी. रास तेवढीच आहे. माप मोठं घेतलंत की खेपा कमी.

माझ्या नोकरीत हा प्रश्न रोज निराळ्या कपड्यांत येतो. आमच्या टीमकडे एका अमेरिकन दुकानसाखळीच्या मालाची यादी आहे. फूट, इंच, पौंड, औंस. 'लांबी' नावाच्या रकान्यात नुसते आकडे. त्यात ५.१० असं कुणीतरी भरलेलं, म्हणजे पाच फूट दहा इंच. डेटाबेसला तो दशांश आकडा वाटतो आणि शेवटचं शून्य तो गिळतो. ५.१० चा ५.१ होतो, आणि पाच फूट एक इंचवाली वस्तूही ५.१ च. नऊ इंचांचा फरक असलेल्या दोन वस्तू संगणकाच्या लेखी सारख्या. आमचा पंचवीस इंचांचा किस्सा, फक्त सातासमुद्रापार.

आणि हे नेहमी चपलेने पुसता येत नाही. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. इंधनाचं मीटर बंद होतं, म्हणून टाकीत पट्टी बुडवून मोजावं लागलं: ७,६८२ लिटर शिल्लक. हवं होतं २२,३०० किलो. लिटरचं वजन काढायला १.७७ हा आकडा वापरला गेला. तो होता पौंडांचा, एका लिटरला १.७७ पौंड. किलोंचा आकडा सुमारे ०.८०३. देश तेव्हा पौंडांकडून किलोंकडे चालला होता आणि हे विमान नव्या पद्धतीचं होतं. १३,५९७ आहेत, ८,७०३ कमी, असा हिशेब करून ४,९१६ लिटर भरले. भरायला हवे होते वीस हजारांवर. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आल्याचे इशारे सुरू झाले आणि एकामागून एक दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन बॉब पिअरसन यांना ग्लायडर उडवायचा सराव होता. त्यांनी ते विमान तसंच तरंगत गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. एकही जण दगावला नाही.

त्यातला गुणाकार बरोबर होता, वजाबाकी बरोबर होती, भागाकारही. ६३.२५ इतकंच बरोबर. 'एका लिटरला १.७७' यापुढे 'काय?' हा गड्याचा प्रश्न कुणी विचारला असता तर. आणि गड्याने विचारला तेव्हा त्याला चुकीचं उत्तर मिळालं, हेही आहेच. तिथे काका होते म्हणून बरं.

आमच्या यादीत मी आता प्रत्येक रकान्याच्या नावापुढे मापाचं नाव जोडायला घेतलंय. फूट आणि इंच दोन वेगळे रकाने. टीममधल्या एकाने विचारलं, एवढं कशाला, वेबसाइटवर दिसतंच ना. दिसत नाही. पण त्याला बांधावरची गोष्ट सांगायला जेवणाची सुट्टी पुरली नसती.

आत्याने त्या पट्ट्यात शेवगा लावायचं ठरवलंय. परवा तिचा फोन आला. रोपं दहा-दहा फुटांवर, दोन्ही टोकांना चार-चार फूट सोडून. राहिले १९० फूट. रोपवाटिकेतला मुलगा म्हणाला, एका ओळीत एकोणीस. दहा फुटांना एक, तर १९० ला एकोणीस, त्रैराशिकच. "मी त्याला म्हटलं, बाळा, बोटं मोज. पाच बोटांत फटी चार. इथं फटी एकोणीस, तर रोपं वीस." सहा ओळी, एकशे वीस रोपं. तिने एकशे पंचवीस सांगितली. पाच मरतातच म्हणाली.